शून्य पूर्णांक सहा

नकाशावर ती एक तुटक रेघ,
कापसाच्या वखारीतून निघालेली, रस्त्याखालून वाकत
छोट्या लाईनच्या यार्डात वर आलेली.
बाजूला बारीक अक्षरात: बोगदा, विटांचा. चारशे दहा फूट.
कोनाडे अठरा.
तारीख वाळवीनं खाल्लेली, सही शाबूत.

कोणी मानत नव्हतं.
नागपुरात कसला बोगदा, डोंगर कुठंय इथं,
म्हणाले, आणि पोह्यांवर आणखी तर्री घेतली.

मग मेट्रोच्या खांबासाठी लावलेलं ड्रिल
सहा मीटरवर एकाएकी हलकं झालं,
अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं.
वर आला तो वास मातीचा नव्हता,
जुन्या सरकीचा होता, ओल्या दोरखंडाचा.
आणि गारवा.
शेहेचाळीस अंशांत कामावरची पोरं
पाळीपाळीनं त्या भोकावर तोंड धरून बसली.

आम्ही कॅमेरा सोडला.
पडद्यावर गुडघाभर पाणी, गंजलेला तारेचा दोर,
एक कोनाडा, त्यात काजळीची जीभ.
दुसरा कोनाडा.
पुढे माती ढासळलेली.

वरून आदेश आला, पोकळी भरून घ्यावी.
हिशेब माझ्याकडे होता.
लांबी गुणिले रुंदी, कमानीचा अर्धगोल,
कोनाड्याचं माप गुणिले अठरा.
चार रात्री काँक्रीटच्या गाड्या
दिवे मिचकावत रांगेत उभ्या राहिल्या
आणि शहर त्यांना शिव्या देत वळसा घालून गेलं.

पाचव्या दिवशी बेरीज जुळेना.
शून्य पूर्णांक सहा घनमीटर जास्त गेलं होतं.
बारापात्रे सर म्हणाले, एवढं काय घेऊन बसलास,
काळी माती आहे, पिते.
गळती लिही.
लिहिलं.

दिवाळीनंतर कधीतरी पाचपावलीत
सुगंधाबाई निपाणे भेटल्या. वय चौऱ्याऐंशी.
एक कान माझ्याकडे, एक कुकरकडे.
त्यांची आई, तुळजा, बोगद्यात दिवे लावायची:
कोनाड्यात वात ठेवायची, गाठींचे डबे सुटले
की त्याच कोनाड्यात शिरून पाठ भिंतीला लावायची,
डबे नाकासमोरून जाईपर्यंत.

"नऊ न् दहाच्या मधात लय अंतर होतं बाप्पा.
वरून नाल्याचं पाणी झिरपे, म्हणून सायबानं
तिथं कोनाडा काढलाच नाही.
माय पोटुशी. सातवा लागला होता. तिले पळता ये नाही.
मंग झिंगरू मुकादमानं रातच्याले छिन्नी लावली.
सायबाले पत्ता नाही.
विटा दोन-दोन करून टोपलीत लपवून बाहेर आणल्या,
त्याचीच चूल मांडली आमच्या घरी.
माय उभी रायली त्यात, अन् झिंगरूनं पोटापाशी हात धरून
अजून चार बोटं खोदून घेतलं."

कुकरची शिटी झाली. त्या उठल्या नाहीत.

"मी पयले त्या कोनाड्यात उभी रायली,
मंग जन्माले आली."

मी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला.
उंची, रुंदी, खोली.
चार बोटं धरून.

नंतर ट्रक आले, गिरणीचा भोंगा बसला,
बोगद्यात वटवाघळं आणि हातभट्टी,
मग दोन्ही तोंडांना भिंत,
भिंतीवर कोचिंग क्लासची जाहिरात:
हे सगळं त्यांनी भात उपसता उपसता
एका दमात संपवलं.

शेवटी विचारलं, "भरला का पुरा?"
हो म्हणालो.
"खांब पक्का हाये न?"
पक्का आहे.
"मंग झालं," म्हणाल्या, आणि माझ्या पानात वाढलं
विचारल्याशिवाय.

त्या खांबाचा नंबर मी कोणाला सांगत नाही.
रोज त्यावरून गाडी जाते, वेळेवर, फारशी भरलेली नसते.
पण अजूनही एखाद्या बिलात,
शेवटच्या रकान्यात, गळती हा शब्द आला
की पेन उचलायच्या आधी
मी पोट आत ओढून
पाठ खुर्चीला टेकवतो
आणि थांबतो,
जेवढे डबे असतील तेवढे.